फीऐवजी रोख

आमच्या सरांना ‘चांगला माणूस’ म्हटलेलं खपायचं नाही. कुणी तोंडावर म्हटलंच, तर त्यांच्या चहात कुणीतरी मीठ टाकलंय असा चेहरा करायचे. “चांगला माणूस कुणाला म्हणतात, ठाऊक आहे का गणितबाई?” ते मला विचारायचे. “ज्याला दुसरं काही येत नाही त्याला. डॉक्टरचं औषध लागू पडेनासं झालं की लोक म्हणतात, माणूस मात्र चांगला आहे हो!” आणि दैव असं की अख्ख्या पंचवटीला सरांबद्दल एवढी एकच गोष्ट माहीत होती. सर म्हणजे देवमाणूस.

गणितबाई म्हणजे मी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बीएस्सी होऊन घरी बसले होते. लग्न जमत नव्हतं आणि नोकरीही लागत नव्हती, तेव्हा आईनं वैतागून मला सरांच्या क्लासात धाडलं. पिठाच्या गिरणीच्या माडीवर दोन खोल्या होत्या. दहावीला इंग्रजी आणि गणितात गचकलेली पोरं तिथं यायची, इंग्रजी सर घ्यायचे आणि गणित मी. खालची गिरणी सुरू झाली की माडीची फरशी थरथरायची आणि जिन्यातून पीठ वर यायचं. काळी पँट घालून आलेला मुलगा करडी पँट घालून घरी जायचा. सर उंच, हाडकुळे, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालणारे, त्यामुळे त्यांच्यावर पीठ दिसायचं नाही. त्यांच्या एका हातात बाजाराची नायलॉनची पिशवी असे, तिच्यात उशीएवढा जाड इंग्रजी शब्दकोश. दुसऱ्या हातात छत्री, तीही बाराही महिने. छत्रीचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं.

दरवर्षी पहिल्या तासाला सर पाठ्यपुस्तक उघडू द्यायचे नाहीत. फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘फी’ लिहायचे आणि विचारायचे, “म्हणजे काय?” पोरं घाबरायची. पहिल्याच दिवशी पैशाचा विषय निघाला म्हणून मागच्या बाकावरची एकमेकांकडे बघायची. कुणीतरी चाचरत म्हणायचं, “सर, पैसे.”

“चूक. गाय.”

मग सुरू व्हायचं. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांचा एक शब्द होता, फेओह. फेओह म्हणजे गुरं. ज्याच्याकडे गुरं तो श्रीमंत, म्हणून फेओह म्हणजे मालमत्ता, आणि म्हणून फेओह म्हणजे पैसा. तीच ही फी. “काही विद्वान म्हणतात, ती थेट आली नाही, मधे फ्रान्सात जाऊन आली. आली असेल. गाय चरायला कुठंही जाते, संध्याकाळी परत आली म्हणजे झालं.” मग खडू आपल्या संस्कृतकडे वळायचा. आपला ‘प’ तिकडच्या थंडीत गेला की त्याचा ‘फ’ होतो, असं सर सांगायचे. पिता, फादर. पाद, फूट. पंच, फाइव्ह. “आणि पशू? फी! सख्ख्या बहिणी नव्हेत, पण मावसबहिणी. लॅटिनवाल्यांचंही तेच. पेकुस म्हणजे गुरं आणि पेकुनिया म्हणजे पैसा. नोटा आपल्या गावात छापतात ना, म्हणून आपल्या नाशिककरांचा समज झालाय की पैसा कागदाचा असतो. पैसा चार पायांचा असतो.”

दरवर्षी एक तरी शहाणा हात वर करायचा. “सर, हे परीक्षेला येतं का?”

“नाही. म्हणूनच नीट ऐका.”

हे सगळं खरं होतं बरं का. मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना ती सरांची कल्पना वाटायची. सर शब्दकोश उघडून नेमक्या ओळीवर बोट ठेवायचे आणि पुस्तक समोरच्याच्या नाकाखाली धरायचे. समोरचा पान सोडून सरांच्या तोंडाकडे बघायचा, आणि “वा सर, काय तुमचा व्यासंग!” म्हणायचा. बोट तिथंच राहायचं.

नुसता शब्द सांगून थांबले असते तर त्यांचं काही बिघडलं नसतं. पण सरांनी त्या शब्दावर घर चालवायला घेतलं. शहरातले सगळे क्लासवाले जूनमध्ये फी घेत. सर घेत वसुबारसेला. “पंचांग बघा,” ते म्हणायचे, “आधी वसुबारस, मग धनत्रयोदशी. आधी गाय, मग पैसा. इंग्रजांना जे कोशात शोधावं लागलं ते आपल्याकडे भिंतीवर टांगलेलं आहे.” वसुबारसेच्या आधी कुणी पैसे पुढे केले तर ते हात मागे घ्यायचे. जूनपासून दिवाळीपर्यंत क्लासात रुपया यायचा नाही.

माझ्या पगाराचं मी पहिल्याच महिन्यात विचारलं. सर गंभीर झाले. म्हणाले, पगार हा शब्द पोर्तुगीज आहे. आणि सॅलरी मिठावरून आली असं सगळे सांगतात खरं, पण त्या मिठाचं नेमकं काय करत ते कुणालाच धड माहीत नाही.

“सर,” मी म्हटलं, “मला दोन्हींतलं काहीही चालेल.”

आतल्या खोलीतून काकू मोठ्यांदा हसल्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या, आणि कचेरी सुटली की क्लासच्या हिशेबाला येऊन बसायच्या. त्या दिवसापासून दर एक तारखेला काकूंनी आपल्या पगारातून माझा पगार दिला आणि दिवाळीत सरांकडून वळता करून घेतला. “यांची गाय दिवाळीत दूध देते,” त्या म्हणायच्या, “घरात चहा मात्र रोज लागतो.” हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की पुढे त्यांनी ‘यांची गाय’ म्हटलं की उरलेलं मी म्हणायची.

आता गंमत अशी की जूनमध्ये खेड्यातल्या माणसाचा सगळा पैसा मातीत गेलेला असतो, आणि दिवाळीच्या सुमाराला भात, मका, चाळीतला कांदा विकून हात जरा मोकळा असतो. त्यामुळे घोटीपासून देवळ्यापर्यंत बातमी पसरली की पंचवटीत एक मास्तर आहे, तो सुगीनंतर पैसे घेतो. पोरं येतच राहिली. त्यातली निम्मी ऑक्टोबरच्या परीक्षेला बसून दिवाळीआधीच क्लास सोडून गेलेली असायची, तरी त्यांचे बाप वसुबारसेला हजर होत. काही येतही नसत. सर कुणाच्या दारात गेले नाहीत.

“गरिबांची केवढी काळजी!” असं एकदा एका पालकानं म्हटलं आणि सर ताडकन उठले. “मी धर्मादाय दवाखाना उघडलेला नाही. हा भाषाशास्त्राचा प्रश्न आहे.” तो बिचारा चप्पल घालून निघून गेला, आणि जाताना खाली गिरणीत सांगून गेला की सर स्वतःचं मोठेपण किती लपवतात बघा.

पावत्यांचं प्रकरण तर त्याहून वरचं होतं. सरांचं म्हणणं, आपण घेतो ती फी नव्हेच. फी म्हणजे गाय. गाय कुणी आणत नाही, आपल्याला ठेवायला जागा नाही, म्हणून तिच्या बदल्यात आपण नोटा घेतो. मग पावतीवर खोटं कशाला लिहायचं? त्यांनी पावतीपुस्तकं छापून घेतली: ‘अमुक अमुक यांजकडून फीऐवजी रोख रक्कम मिळाली.’ छापणाऱ्यानं पहिल्या खेपेला ‘फीऐवजी’ला चूक समजून नुसतं ‘फी’ छापलं. सरांनी सगळी पुस्तकं परत पाठवली. दुसऱ्या खेपेला त्यानं पुन्हा दुरुस्त केलं, कारण त्याला वाटलं पहिल्यांदा आपलंच काही चुकलं असेल. तिसऱ्या खेपेला सर स्वतः छापखान्यात स्टूल टाकून बसले. पावत्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. वर्षाकाठी इतक्या पावत्या लिहायची की मला स्वप्नातही फीऐवजी काहीतरी मिळायचं.

सातपूरच्या एका कारखान्यात कामगारांच्या मुलांच्या शिकवणीची अर्धी फी परत मिळत असे. तिथला एक पालक पडेल चेहऱ्यानं आला. “सर, साहेब म्हणतात, ही फीची पावतीच नाही. फीऐवजी म्हणजे फी नव्हे. मग फी कुठाय, विचारतात.”

सर इतके खूश झालेले मी क्वचित पाहिलेत. त्यांनी त्या माणसाचे दोन्ही हात धरले. “साहेबांचं नाव काय? इतक्या वर्षांत माझी पावती वाचणारा हा पहिला माणूस!” आणि दुसऱ्या दिवशी ते पेढ्यांचा पुडा आणि शब्दकोश घेऊन, दोन बस बदलून सातपूरला गेले. मला न्यायचं कारण नव्हतं, पण काकूंनी जबरदस्तीनं बरोबर पाठवलं. हिशेबखात्यातल्या साहेबानं पेढ्यांचा पुडा पाहिला आणि आधी केबिनचं दार सताड उघडं ठेवायला सांगितलं. मग सरांनी शब्दकोश उघडला. फेओहपासून सुरुवात झाली. गाय फ्रान्सला पोचायच्या आत साहेबानं त्या पालकाचा कागद मागवला आणि सही ठोकली.

परतीच्या बसमध्ये सरांनी पेढ्यांचा पुडा पिशवीत शब्दकोशाशेजारी सारला. मग म्हणाले, “पास केलं हो त्यानं.”

“मग चांगलंच झालं की, सर.”

“म्हणाला, सर, तुम्ही फार चांगले माणूस आहात.”

पेढे तसेच परत आले. ते मी आणि काकूंनी संपवले.

छत्रीचं सांगायचं राहिलं. पंचवटीत गल्लीगल्लीत गाई. कुणी भाजीवालीच्या टोपलीत तोंड घालतेय, कुणी भर रस्त्यात रवंथ करत बसलीय, रिक्षावाले त्यांना वळसा घालून जाताहेत. आमच्या गिरणीच्या तोंडाशी एक तांबडी गाय नेहमी बसायची. एके दिवशी तास सुरू व्हायची वेळ झाली तरी सरांचा पत्ता नव्हता. मी गॅलरीतून वाकून पाहिलं तर सर गल्लीच्या टोकाला छत्री उघडून ढालीसारखी पुढे धरून उभे, आणि गाय निवांत शेपटी हलवतेय. मी खाली जाऊन तिला हाकललं तेव्हा ते भिंतीला घासत आत आले.

“सर, तुम्ही गाईला भिता?”

“भीत नाही,” ते म्हणाले. “शब्द म्हणून गाय फार सुंदर आहे. प्रत्यक्षात तिला शिंगं असतात.”

वसुबारसेला काकू गल्लीतल्या गवळ्याच्या गोठ्यात गाय-वासराची पूजा करायच्या. सर गोठ्याच्या दारात छत्री उघडून उभे राहायचे आणि तिथूनच नमस्कार करायचे. एकदा अक्षताही तिथूनच टाकल्या, त्या सगळ्या काकूंच्या अंबाड्यात पडल्या.

अशाच एका वसुबारसेला लहानूबाबा आले. घोटीच्या पलीकडे डोंगरात त्यांची भाताची थोडी खाचरं आणि पुष्कळशी डांगी जातीची गुरं होती. त्यांची मुलगी हिरा इंग्रजीत राहिली होती, ती नाशिकला मावशीकडे राहून आमच्याकडे शिकायची. बाबांनी बंडीच्या आतल्या खिशातून पैसे काढून दिले, मी पावती फाडली. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून हिरानं मोठ्यानं वाचून दाखवली. बाबांनी कान टवकारले.

“फीऐवजी म्हंजी?”

“फीच्या बदल्यात, बाबा,” हिरा म्हणाली.

“मंग फी कुठं गेली?”

पाठीमागे माणसांची रांग होती. मी ‘ते असंच असतं बाबा’ म्हणणार, तेवढ्यात सर उठून आले. शब्दकोश उघडला, बोट ठेवलं, पान लहानूबाबांच्या नाकाखाली धरलं. आणि बाबांनी पानाकडे पाहिलं. एक अक्षर कळत नसताना ते सरांच्या बोटाखाली बघत राहिले, आणि सर सांगत होते ते ऐकत राहिले.

“म्हंजी फी म्हंजी गाय.”

“मूळ अर्थानं,” सर म्हणाले.

“मुळातलंच खरं आसतं गुरजी. आमच्यात बी गुरांनाच धन म्हनत्यात. धन चरायला सोडलं, आसं म्हनतो आमी.” बाबा विचार करत होते. “मंग म्या गाय दिली नाय, म्हून तुमी तिच्या बदली रोख घेतली. आसंच ना?”

“असंच.”

“आन उद्या म्या गाय आनून उभी केली तर?”

“तर रोख परत,” सर म्हणाले. “शब्द आहे माझा.”

बाबांनी पावतीची घडी घातली. “ठिवून देतो,” म्हणाले. ते गेल्यावर मी आणि काकू पोट धरधरून हसलो. सर हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी उरलेल्या पालकांना काही समजावून सांगितलं नाही, नुसतेच गॅलरीत जाऊन उभे राहिले.

हिरा पास झाली. पुढे डीएड करून तिकडच्याच एका शाळेत शिक्षिका झाली. पण दिवाळीच्या तोंडावर तिचं पोस्टकार्ड नेमानं यायचं आणि त्यात एक ओळ बाबांची असायची. ‘बाबा विचारतात, सरांना काळी गाय चालेल का बांडी, ठिपक्यांची?’ पुढच्या वर्षी: ‘बाबा म्हणतात, सरांना सांग, औंदा खोंड झाला. खोंड चालणार नाही, गायच ठरलेली आहे.’ एका वर्षी: ‘कालवड झाली आहे, पण अंगानं बारीक आहे. अशी द्यायला बाबांना बरं वाटत नाही.’ मला ती बापलेकीची थट्टा वाटायची. सर मात्र कार्ड दोनदा वाचून शब्दकोशात ठेवायचे, ‘एफ’च्या पानांत.

दोन हजार सालानंतर आमचे दिवस फिरले. कॉलेज रोडला काचेचे क्लास निघाले, तिथं गार हवा, कॉम्प्युटर, आणि फी जूनच्या आधी, आगाऊ. लोक पिशवीबंद पीठ आणू लागले तशी खालची गिरणी दुपारची बंद राहू लागली, आणि वरच्या बाकांवर मोजकी पोरं दिसू लागली. काकू निवृत्त झाल्या, माझं लग्न होऊन मला मुलं झाली, तरी मी संध्याकाळी जात राहिले. एका जूनमध्ये सरांनी सांगितलं की हे शेवटचं वर्ष. वसुबारसेला फीऐवजीची रोख घ्यायची आणि कुलूप लावायचं.

जुन्या विद्यार्थ्यांना कळलं तसा त्यांनी सत्कार ठरवला. त्याच दिवशी, वसुबारसेला, जवळच्या एका मंगल कार्यालयात. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं रिकाम्या वर्गात बसलो होतो. सर फळा पुसत होते. एकदम म्हणाले, “गणितबाई, उद्या एकानं तरी शब्दाबद्दल बोलावं.”

“म्हणजे?”

“बाकी सगळं पाठ्यपुस्तकातच होतं, ते कुणीही शिकवलं असतं. मी माझं असं एकच शिकवलं. ते कुणाला पटलं का, एवढं कळलं की झालं. नाहीतर उद्या सगळे मला चांगला माणूस म्हणतील, मी हार घालून घेईन, आणि विषय संपेल.”

त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, “मी बोलते ना, सर.”

“तुम्ही नको,” ते म्हणाले. “तुम्ही पगारी आहात.”

सत्काराला गर्दी झाली. आमचे जुने गचकलेले विद्यार्थी आता दुकानदार, कंडक्टर, बागाईतदार, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले कामगार झाले होते. एकेक उठून बोलू लागला. आमची परिस्थिती नव्हती, सरांनी दिवाळीपर्यंत सांभाळून घेतलं. सरांचं मन आभाळाएवढं. सर म्हणजे चालतंबोलतं दातृत्व. दर वाक्याला टाळ्या. सर खुर्चीत आक्रसत चालले होते. माझ्याकडे वाकून पुटपुटले, “हा सत्कार आहे का श्राद्ध?” शेवटी नगरसेवकांनी शाल घातली, थैली म्हणून एक जाड पाकीट हातात दिलं, आणि असा चांगला माणूस पुन्हा होणे नाही, असं म्हणून ते खुर्चीत बसून मोबाइलवर बोलू लागले.

सर बोलायला उठले. शब्दकोश माइकसमोर ठेवला, उघडला. “फी म्हणजे काय?” त्यांनी विचारलं. समोरून हशा आला. जुनी आठवण निघाली म्हणून लोक एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले. सर सांगत राहिले. पण मागे पंगतीची पानं मांडायला सुरुवात झाली होती, मसालेभाताचा वास येत होता, पोरं धावत होती. फेओह कुणाच्याच कानात शिरत नव्हता. पंच-फाइव्हपाशी सर थांबले. त्यांनी सभागृहाकडे एकदा पाहिलं आणि पुस्तक मिटलं. “आभारी आहे,” म्हणाले आणि बसले. टाळ्या कडाडल्या. मला त्या वेळी इतकं वाईट वाटलं की समोरच्या प्रत्येकाला उठाबशा काढायला लावाव्यात असं वाटत होतं.

तेवढ्यात कार्यालयाचा वॉचमन धावत आला. “सर, बाहेर टेम्पो आलाय. त्यात गाय हाय. तुमची हाय म्हनत्यात.”

आम्ही बाहेर आलो, आमच्यामागे गर्दी. अंगणात फळी लावून हिरा आणि तिचे वडील गाय उतरवत होते. पांढऱ्यावर काळे डाग असलेली, तुकतुकीत कातडीची डांगी गाय आणि तिच्यामागे उड्या मारणारं वासरू. लहानूबाबा पार पिकले होते. त्यांनी बंडीच्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून आमची पावती.

“गुरजी, उशीर झाला. मनासारखी गाय मिळंना. ही घ्या फी.” आणि पावती पुढे धरून म्हणाले, “आता रोख काढा.”

लोक खो खो हसले. नगरसेवकही हसले. बाबा हसत नव्हते. मी सरांकडे पाहिलं तर तेही हसत नव्हते. त्यांनी पावती वाचली, सत्काराचं पाकीट फोडलं आणि पावतीवरचा आकडा बघून तेवढी रक्कम बाबांच्या हातावर ठेवली. बाबांनी ती मोजली, पुन्हा मोजली आणि बंडीत घातली. मग हसू आपोआप थांबलं.

“केवढं हे मन!” नगरसेवक गहिवरून म्हणाले. “गुरुदक्षिणा म्हणून गाय!”

“मन कसलं सायेब?” बाबा म्हणाले. “येव्हार हाय. फी गायची ठरली व्हती, म्या तवा दिली नव्हती. येवढंच.”

मी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी त्यांना कुणीतरी आपलं भेटलं होतं.

काकूंचं लक्ष व्यवहाराकडे. “अहो बाबा, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. हिला ठेवू कुठं?”

“माझ्याकडंच ऱ्हाईल, माय. चारा माझा, गाय गुरजींची. वासरू मातर माझं. ते ठरलं नव्हतं.” मग बाबांनी दाव्याचं टोक पुढे केलं. “दावं हातात घेतल्याबिगर येव्हार पुरा व्हत नाय, गुरजी.”

सरांनी छत्री घट्ट धरली. काकू पुढे झाल्या. “अहो, राहू द्या, मी धरते.”

“तुम्ही नको,” सर म्हणाले. “फी माझी आहे.” त्यांनी छत्री काकूंच्या हातात दिली आणि दावं धरलं. गाईनं मान झटकली. सर जागच्या जागी हलले, पण हात सोडला नाही. मग तिनं त्यांच्या पांढऱ्या बाहीचा वास घेतला आणि ती बाही मनगटापासून कोपरापर्यंत चाटून काढली. एवढ्यात कुणीतरी आतून हळदकुंकू आणलं, वसुबारसच होती, बायांची रांग लागली, आणि सर मधोमध दावं धरून, डोळे मिटून उभे. बघणाऱ्यांना वाटलं असेल की ते घाबरलेत. घाबरलेही होते. पण मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते भीतीचं नव्हतं, हे मला, काकूंना आणि बहुधा लहानूबाबांना कळत होतं.

“गणितबाई,” डोळे न उघडता सर म्हणाले, “पावती करा.”

मी पर्समधून पावतीपुस्तक काढलं आणि टेम्पोच्या फळीवर ठेवून लिहायला घेतलं. लहानूबाबांचं नाव लिहिलं. पुढचं छापलेलंच होतं, इतकी वर्षं मी त्याकडे पाहिलंही नव्हतं. आज पाहिलं. ‘ऐवजी रोख रक्कम’ एवढं मी पेनानं खोडून काढलं. उरलं ते मोठ्यांदा वाचलं, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं. “फी मिळाली.”

सरांनी डोळे उघडले आणि सहीसाठी पेन मागितलं. मी म्हटलं, क्षणभर दावं माझ्याकडे द्या. त्यांनी मान हलवली. सही त्यांनी डाव्या हातानं केली, पार वेडीवाकडी, कारण उजव्या हातात दावं होतं.